आयकार्ड चालू आहे तोवर: कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली की काय काय उरकून घ्यायचं

हातात नारळ मिळाल्यावर काय करायचं हे सांगणारे खूप भेटतात, पण खरं सांगू का, त्या दिवशी आपल्या हातात फारसं काही उरलेलंच नसतं. लॅपटॉप लॉक, मेल बंद, आयकार्ड गेटवर जमा. त्यानंतर बँक पेस्लिप मागते, टर्म इन्शुरन्सवाला उत्पन्नाचा पुरावा मागतो, आणि पीएफच्या पोर्टलवर जुना मोबाईल नंबर निघतो. म्हणून जे करायचं ते आधी करायचं, कुजबुज सुरू झाल्यापासून ते प्रत्यक्ष बोलावणं येईपर्यंतच्या त्या घुसमटीच्या दिवसांत, जेव्हा नोकरी आहे पण आहे असं वाटत नाही. पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या आयटीवाल्यांसाठी आणि चाकण-भोसरीतल्या कारखानेवाल्यांसाठी, दोघांसाठी लिहितोय, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

खरंच धोका आहे की नुसत्या गप्पा

मंदीची बातमी पेपरात येण्याआधी कॅन्टीनमध्ये येते, पण कॅन्टीनमधलं सगळंच खरं नसतं. म्हणून गप्पा सोडा आणि पैसा कुठे आटतोय ते बघा. शॉपफ्लोअरवर हे सोपं असतं: तीन शिफ्टच्या दोन होतात, ओव्हरटाइम बंद होतो, ब्लॉक क्लोजर लागायला लागतात, म्हणजे आठवड्यातले एकदोन दिवस लाईन बंद, आणि गेटबाहेर माल भरायला थांबणारे ट्रक कमी दिसतात. सगळ्यात आधी कंत्राटी मुलं घरी जातात, २०१९ च्या ऑटो मंदीत पिंपरी-चिंचवड पट्ट्यात हेच बघितलं सगळ्यांनी. परमनंटवाल्यांना तेव्हा वाटतं आपल्याला काय होतंय, पण व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, नोटीस लागते ती त्यानंतरच.

आयटीत खुणा वेगळ्या. क्लायंटने प्रोजेक्ट रॅम्प डाऊन केला, म्हणजे त्यावरची माणसं कमी केली, इन्क्रिमेंट पुढे ढकललं, कोणी सोडून गेलं तर त्याच्या जागी भरती नाही, आणि मॅनेजर अचानक गोड आवाजात सांगतो की तुझ्या मोड्युलचं सगळं डॉक्युमेंटेशन करून ठेव, अमुकला केटी दे, म्हणजे तुझं काम शिकव. यातली एखादी गोष्ट असेल तर दुर्लक्ष करा, तीनचार एकत्र आल्या तर कामाला लागा. बेंचवर, म्हणजे सध्या कुठल्याच प्रोजेक्टवर नसाल, तर जास्तच. २०२५ मध्ये टीसीएसने वर्षाला जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असं धोरण आणलं, आणि जुलैमध्ये साधारण २ टक्के म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त असतील हेही सांगितलं. म्हणजे पंधरा वर्षं झाली, आता आपण सेफ, हे गणित आता चालत नाही. उलट पगार जितका मोठा तितकं नाव एक्सेलमध्ये वर येतं.

पहिलं काम कागदांचं, आणि ते याच शनिवारी

अपॉइंटमेंट लेटर, प्रत्येक इन्क्रिमेंट आणि प्रमोशनचं पत्र, शक्य तितक्या पेस्लिपा, सगळे फॉर्म १६, अप्रेझलचे रेटिंग, ग्रॅच्युइटीचा नॉमिनेशन फॉर्म, कंपनीच्या मेडिक्लेमचं ई-कार्ड आणि पॉलिसी नंबर. शेअर्स मिळालेले असतील तर त्याचं ग्रँट लेटर. हे सगळं कंपनीच्या पोर्टलवर असतं आणि पोर्टल एका मिनिटात बंद होतं. पीडीएफ काढून घरच्या ड्राइव्हवर ठेवा, घरातल्या अजून एका माणसाला ते कुठे आहे हे माहीत असू द्या.

इथे एक सांभाळा. आपले स्वतःचे कागद घ्यायचे, कंपनीचे नाहीत. कोड, क्लायंटची डेक, कस्टमर लिस्ट असलं काही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, ‘पोर्टफोलिओसाठी’ म्हणून सुद्धा नाही. आयटी सिक्युरिटीला ते दिसतं, आणि मग पैसे देऊन काढायच्या ऐवजी तुम्हाला फुकटात काढायचं कारण त्यांना आयतं मिळतं.

पीएफच्या पोर्टलवर यूएएनने, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरने, लॉगिन करून बघा. मोबाईल स्वतःचा आहे का, आधार-पॅन-बँक खातं जोडलेलं आहे का, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आधीच्या कंपन्यांचा पीएफ ट्रान्सफर झालाय का. यातल्या दुरुस्त्यांना कंपनीची मंजुरी लागू शकते, आणि आज जो एचआरवाला दोन दिवसांत मंजूर करतो तोच नंतर दोन महिने फोन उचलत नाही, कारण तोवर कदाचित तोही गेलेला असतो. ओळखीच्या सहकाऱ्यांचे, जुन्या मॅनेजरांचे नंबर पण आत्ताच स्वतःच्या फोनमध्ये घ्या, टीम्सवरचे कॉन्टॅक्ट टीम्सबरोबर जातात.

पैशाचा एकच आकडा काढा

बजेट वगैरे मोठं काही नको. एका कागदावर लिहा की पगार आला नाही तर घर चालवायला महिन्याला कमीत कमी किती लागतात. हप्ता किंवा भाडं, किराणा, दूध, वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, आईवडिलांची औषधं, शाळेची बस. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च घ्या, शाळेची फी, टर्म प्लॅनचा प्रीमियम, गाडीचा इन्शुरन्स, त्याला बाराने भागून तेही यात मिळवा, कारण लोक हेच विसरतात आणि नेमकी जूनमध्ये फी अंगावर येते. समजा आकडा ६० हजार आला आणि लगेच मोडता येण्यासारखे ३ लाख आहेत, तर तुमच्याकडे ५ महिने आहेत. बस, एवढं माहीत असलं तरी रात्रीची झोप थोडी बरी लागते, कारण ‘काय होणार’ या प्रश्नाला निदान एक तारीख मिळते.

सहा महिन्यांची सोय ठेवा असं सगळे म्हणतात. माझं मत, चाळिशीच्या पुढे असाल आणि पगार मोठा असेल तर नऊ ते बारा धरा, कारण वरच्या जागा मुळातच कमी निघतात आणि इंटरव्ह्यूचे राऊंड लांबत जातात.

ही रक्कम जमवायची कशी? नवीन गाडी, नवीन फोन, परदेशी ट्रिप आत्ता थांबवा, हे सांगायलाच नको. एसआयपी बऱ्याच फंडांत काही महिने पॉझ करता येते, तो पैसा बचतीकडे वळवा. एफडी करताना ३ लाखांची एक करू नका, ५०-५० हजारांच्या सहा करा, म्हणजे गरज पडली की एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज सुरू राहतं.

आणि हे नीट वाचा, कारण इथे चांगले शहाणे लोक फसतात. बोनस आला, थोडी शिल्लक आहे, भीती वाटतेय, म्हणून होमलोनमध्ये ५ लाख भरून टाकायचे. वाटतं ओझं कमी केलं. पण पुढच्या महिन्यापासून हप्ता तर आहेच, आणि भरलेले ५ लाख बँक परत देत नाही. कपातीच्या सावटात रोख हातात असणं हे कर्ज कमी असण्यापेक्षा मोठं. अपवाद एकच, ओव्हरड्राफ्ट टाइपचं होमलोन असेल, ज्यात टाकलेले पैसे परत काढता येतात, तर तिथे खुशाल ठेवा, व्याज पण वाचेल. मात्र क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी संपवा, महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी चढणारं व्याज बिनपगारी माणसाला गिळून टाकतं.

नोकरी गेलीच तर हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जाऊन भेटा, चुकल्यानंतर नाही. ९० दिवस हप्ता थकला की कर्ज एनपीए, म्हणजे बुडीत खात्याकडे चाललेलं, धरतात, त्याआधीच सिबिल स्कोअर खराब व्हायला लागतो. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं असं काहीतरी मागता येतं, देतीलच असं नाही, पण आधी गेलेल्या माणसाशी बोलायची पद्धत वेगळी असते एवढं नक्की. लोन घेताना गळ्यात मारलेली ‘जॉब लॉस’ पॉलिसी असेल तर ती उघडून वाचा. बहुतेक वेळा तीनचार हप्तेच मिळतात, आणि राजीनामा दिला असेल तर काहीच नाही.

मेडिक्लेम

कंपनीचा मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. आईवडील त्यात असतील तर त्यांचंही कव्हर गेलं. स्वतःची फॅमिली पॉलिसी घ्यायची तर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी क्लेम सहसा नसतो, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून शुगर-बीपी असेल तर आजच घ्या. निदान २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढी तरी बचत. दुसरा रस्ता म्हणजे ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचं, त्यात ग्रुप पॉलिसीत आधीच घालवलेला थांबण्याचा काळ मोजला जाऊ शकतो, पण त्याचा अर्ज नोकरी संपायच्या आधी करायचा. टर्म इन्शुरन्स नसेल तर तोही पेस्लिप येतेय तोवरच.

ती मीटिंग

कॅलेंडरवर अर्ध्या तासाचं निमंत्रण येतं, विषय ‘क्विक कनेक्ट’ किंवा असंच काहीतरी गुळगुळीत, आत गेलं की मॅनेजरशेजारी एचआर बसलेला. बऱ्याचदा वाक्य ठरलेलं असतं: आजच राजीनामा टाका, नाहीतर टर्मिनेट करू आणि मग पुढच्या कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडचण येईल. माणूस घाबरतो आणि तिथेच पोर्टलवर बटण दाबतो.

दाबू नका. त्या खोलीत एकच वाक्य बोलायचं आणि ते आधीच पाठ करून ठेवायचं: ‘तुमची ऑफर मला मेलवर पाठवा, मी घरी वाचून सांगतो.’ चिडायचं नाही, रडू आलं तर आलं, पण सही त्या दिवशी नाही. कितीही म्हणाले की ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे, तरी.

कारण राजीनामा आणि कपात यात पैशाचा फरक आहे. कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ बसत असाल आणि एक वर्ष सलग नोकरी झाली असेल तर कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही आहे, शिवाय कौशल्य निधीतून अजून १५ दिवसांचा पगार कामगाराच्या खात्यात यायची तरतूद आहे. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते, आधी ही मर्यादा १०० होती, म्हणजे मधले कारखाने आता सुटले. आयटी कंपन्यांना ही परवानगीची अट लागत नाही. आणि आपण ‘कामगार’ आहोत की नाही हे व्हिजिटिंग कार्डावरच्या पदावरून ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता त्यावरून ठरतं, सीनियर लीड असं लिहिलेलं असलं तरी हाताखाली कोणी नसेल आणि दिवसभर कोडच लिहित असाल तर वाद घालायला जागा आहे. अशा वेळी कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार देता येते, एखाद्या लेबर वकिलाला आधी कागद दाखवून घ्या, एका सल्ल्याची फी परवडते.

याचा अर्थ राजीनामा कधीच द्यायचा नाही असं नाही. दोनतीन महिन्यांचा पगार जास्तीचा देत असतील आणि पत्र स्वच्छ मिळणार असेल तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा ते घेऊन बाहेर पडलेलं बरं, मी तर तेच सुचवेन. फक्त क्रम उलटा नको: आधी सगळं लेखी, मग राजीनामा. लेखी म्हणजे शेवटचा दिवस कोणता, नोटीस पिरियडचे पैसे, जास्तीचे किती महिने, शिल्लक रजांचे पैसे, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवरचा पगार, मिळणार की नाही, जॉइनिंग बोनस किंवा ट्रेनिंग बाँडची वसुली माफ का, मेडिक्लेम कुठल्या तारखेपर्यंत, आणि रिलीव्हिंग लेटरमध्ये नेमके शब्द काय असतील.

शेवटच्या दिवसावर घासाघीस करणं सगळ्यात फायद्याचं ठरू शकतं. ग्रॅच्युइटीला परमनंट माणसाची ५ वर्षं पूर्ण लागतात. ४ वर्षं २४० दिवसांवरही मिळते असं मानणारे हायकोर्टाचे निकाल आहेत, पण प्रत्येक कंपनी ते निमूट मान्य करत नाही. तुमची ४ वर्षं १० महिने झाली असतील तर पैसे थोडे कमी द्या पण तारीख दोन महिने पुढे न्या असं सरळ मागा. हिशोब सोपा आहे, शेवटचा मूळ पगार अधिक डीए म्हणजे महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. मूळ पगार ४० हजार आणि ७ वर्षं असतील तर साधारण १ लाख ६१ हजार. सहा महिन्यांच्या वर झालेलं वर्ष पूर्ण धरतात. हे पैसे कंपनीचे उपकार नाहीत, ‘पॅकेज’मध्ये मिसळून दाखवत असतील तर वेगळे लिहून मागा.

२१ हजारांच्या आत पगार असून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघा, आयुष्यात एकदा ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते. चाकणमधल्या कितीतरी पोरांना हे माहीतच नसतं.

दुबईत कोणी असेल तर तिथला सक्तीचा बेरोजगारी विमा चालू आहे का बघायला सांगा, तिथेही स्वतः राजीनामा दिला तर पैसे नाहीत. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना नोकरी संपल्यापासून दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यामुळे त्यांनी वकिलाचा नंबर आधीच काढून ठेवलेला बरा.

घरात कधी सांगायचं

बायकोला किंवा नवऱ्याला, कुजबुज सुरू झाली त्याच आठवड्यात. ‘उगाच टेन्शन कशाला’ म्हणून लपवणारे खूप असतात, पण घरातल्यांना कळलेलंच असतं की काहीतरी बिनसलंय, फक्त काय ते माहीत नसल्याने ते भलतंच समजतात. वरचा आकडा दोघांनी मिळून काढा, म्हणजे खर्च कमी करणं ही एकाने दुसऱ्यावर लादलेली शिक्षा होत नाही. मोठ्या मुलांना अर्धं सांगितलं तरी चालतं, यंदा ट्रिप नाही आणि का नाही. गावाकडे आईवडिलांना कधी सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, काहींचे आईवडील दुसऱ्या दिवशी तांदळाचं पोतं घेऊन येतात आणि काहींचे रोज तीन फोन करून विचारतात की लागली का.

नोकरी गेल्यावर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं नाटक मात्र करू नका. त्यात जेवढी ताकद जाते तेवढ्यात दोन इंटरव्ह्यूची तयारी होते. झोपच येत नसेल, छातीत सारखी धडधड असेल, नको ते विचार येत असतील तर टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

दुसरी नोकरी शोधायची ती ही असतानाच

नौकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल आजच नीट करा. पण नुसतं अर्ज टाकत बसण्यापेक्षा माणसांना फोन करा, विशेषतः दोनतीन वर्षांपूर्वी तुमच्या टीममधून गेलेल्यांना, त्यांनी तुमचं काम पाहिलेलं असतं आणि रेफरलचा बोनस मिळत असेल तर ते आनंदाने नाव पुढे करतात. ‘काही असेल तर सांग’ असं मोघम नको, ‘तुमच्या कंपनीत हे अमुक पोस्टिंग आहे, रेफर करशील का’ असं विचारा. शॉपफ्लोअरवाल्यांनी सीएनसी, रोबोटिक वेल्डिंग, क्वालिटीचं जे काही ट्रेनिंग कंपनीत झालंय त्याची सर्टिफिकेटं मागून घ्या, तोंडी अनुभवाला गेटवर कोणी विचारत नाही.

कपातीत गेलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते जी बाकीच्यांकडे नसते. आयटीत ९० दिवसांचे नोटीस पिरियड असतात आणि कंपन्या ‘इमिजिएट जॉइनर’ शोधत असतात. ते प्रोफाइलवर वर लिहा. इंटरव्ह्यूत का सोडलं विचारलं तर एका वाक्यात सांगा की प्रोजेक्ट बंद झाला, टीम कमी केली, आणि पुढे कामावर या. जुन्या कंपनीला शिव्या घालायला बसलात की गेलं.

कमी पगार घ्यावा का? तुमच्या मघाच्या आकड्यात अजून चार महिने शिल्लक असतील तर थांबा, एक-दीड महिनाच उरला असेल तर घ्या. मान-अपमान नंतर बघू.

नोकरीसाठी पैसे मागणारा प्रत्येक माणूस चोर समजा. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉप डिपॉझिट, टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून पैसे, सगळं एकच. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. आणि मिळालेल्या पॅकेजच्या जिवावर पहिल्या महिन्यात अमृततुल्यची फ्रँचायझी घेऊ नका, ऑप्शन ट्रेडिंग तर नकोच, सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन (एफ अँड ओ) करणाऱ्या १० पैकी ९ हून जास्त लोक तोट्यात निघाले होते.

बाहेर पडल्यावरची उरलीसुरली कामं

पगाराचा हिशोब नव्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी, नाही मिळाली तर तारखा लिहून मेल करत राहा, फोनवर बोलणं झालं तरी मेल करा. सॅलरी अकाउंट काही महिने पगार न आल्यास साध्या खात्यात बदलतं आणि मिनिमम बॅलन्सचा दंड लागू शकतो, बँकेला विचारून घ्या. वर्षाच्या मध्ये नोकरी गेली असेल तर आधीच्या महिन्यांत जास्त टीडीएस कापलेला असू शकतो, रिटर्न भरला की परत येतो.

पीएफ शक्यतो मोडू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, आणि ५ वर्षं सलग पूर्ण व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो. अगदीच वेळ आली तर ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवलंय त्याप्रमाणे नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता येतील, उरलेले २५ टक्के १२ महिने बेरोजगार राहिल्यावर. पेन्शनचा भाग तर हलवूच नका, १० वर्षांची नोकरी भरली की पेन्शनचा हक्क मिळतो आणि नवीन नोकरीची वर्षं जुन्यात मिळतात. नोकरी सुटून दोन महिने झाले की पोर्टलवर जाऊन एक्झिटची तारीख पडली का बघा. कंपनीने टाकली नसेल तर ‘मार्क एक्झिट’मध्ये जाऊन आधारच्या ओटीपीवर ती स्वतःची स्वतः टाकता येते.